परागज्वरातील नाकाचा दाह : मोजले काय आणि कधी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत, आणि इतरत्रही, परागज्वरावरील, म्हणजे परागकणांच्या अॅलर्जीने होणाऱ्या नाकाच्या त्रासावरील, औषधांविषयी लिहिताना ‘नाकातील दाह कमी झाल्याचे मोजमापातून सिद्ध झाले’ अशा आशयाचे वाक्य अधूनमधून वाचायला मिळते. नाक-कान-घसा विभागाशी जोडलेल्या प्रयोगशाळेत नाकातील स्रावांचे आणि पेशींचे नमुने तपासण्याचे काम मी अनेक वर्षे केले असल्याने असे वाक्य वाचले की नेमके काय मोजले आणि ते ऋतूच्या कोणत्या दिवशी मोजले, असे दोन प्रश्न मला लगेच पडतात. या दोन्हींचे उत्तर मजकुरात नसेल, तर पुढे दिलेला आकडा कितीही काटेकोर असला तरी वाचकाच्या हाती काही लागत नाही, असे माझे मत आहे. ते का, हे जरा विस्ताराने मांडण्याची अनुमती असावी.

परागज्वर असलेल्या माणसाच्या शरीरात गवताच्या, झाडांच्या किंवा तणांच्या परागकणांतील प्रथिनांविरुद्ध आयजीई या जातीची प्रतिपिंडे तयार झालेली असतात आणि ती नाकाच्या अस्तरातील मास्ट पेशींना चिकटून बसलेली असतात. परागकण नाकात अडकला, तेथील ओलाव्याने त्यातील प्रथिने बाहेर पडली आणि या प्रतिपिंडांशी जोडली गेली, की काही मिनिटांतच मास्ट पेशी हिस्टामीन, ट्रिप्टेज, प्रोस्टाग्लँडिन डी-२, ल्युकोट्राइन अशी रसायने सोडतात. शिंकांची सरबत्ती, खाज आणि पाण्यासारखे वाहणारे नाक हा या पहिल्या टप्प्याचा परिणाम. त्यानंतर साधारणपणे चार ते बारा तासांच्या दरम्यान अनेक रुग्णांमध्ये दुसरा टप्पा सुरू होतो. त्यात रक्तातून इओसिनोफिल, बेसोफिल आणि टी-लसिका या पांढऱ्या पेशी अस्तरात शिरतात. नाक चोंदते, पण शिंका तुलनेने कमी असतात. १९८० च्या दशकात अमेरिकेतील रॉबर्ट नॅक्लेरिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या नाकात परागकणांचा अर्क सोडून पुढचे अनेक तास ठरावीक अंतराने नाक धुतले आणि त्या पाण्यातील रसायने मोजली. पहिल्या टप्प्यात हिस्टामीन आणि प्रोस्टाग्लँडिन डी-२ ही दोन्ही वाढलेली दिसली. दुसऱ्या टप्प्यात हिस्टामीन पुन्हा वाढले, मात्र प्रोस्टाग्लँडिन डी-२ वाढले नाही. हे प्रोस्टाग्लँडिन मास्ट पेशी सोडतात, बेसोफिल जवळजवळ सोडत नाहीत. त्यामुळे दुसऱ्या टप्प्यातील हिस्टामीन बेसोफिलांकडून येत असावे, असा निष्कर्ष निघाला. तेव्हा रसायन एकच असले तरी ते कोणत्या तासाला मोजले यावर त्याचा अर्थ बदलतो, आणि दुपारी घेतलेल्या एकाच नमुन्यातील हिस्टामीनवरून ‘दाह किती’ हे सांगू पाहणे धाडसाचे ठरते.

याहून मोठा घोटाळा असा, की रुग्णाला जाणवणारा त्रास, नाकातून प्रत्यक्ष वाहणारी हवा आणि अस्तरातील दाह या तीन वेगळ्या गोष्टी असूनही बातमीत त्यांची सहज अदलाबदल होते. मेंथॉलचा वास घेतला की नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण उपकरणाने मोजल्यास हवेचा प्रवाह जवळपास तेवढाच असतो. मेंथॉल केवळ गारवा ओळखणाऱ्या चेतातंतूंना उद्दीपित करते. नाक उघडणारे थेंब घातले, की अस्तरातील फुगलेल्या रक्तवाहिन्या काही मिनिटांत आकसतात आणि प्रवाह खरोखरच वाढतो, परंतु तेथे जमलेल्या इओसिनोफिलांना त्याचा पत्ताही नसतो. (हेच थेंब बरेच दिवस सलग घातले, तर नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदते, हे अजूनही पुष्कळांना ठाऊक नाही.) हिस्टामीनरोधक गोळी खाज, शिंका आणि स्राव यांवर लवकर काम करते, चोंदलेपणावर तिचा परिणाम कमी. नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा मात्र पेशींची आवक आणि रसायनांचे उत्पादन कमी करतो, पण त्याचा पूर्ण परिणाम दिसायला कित्येक दिवस लागतात. या चार उपायांची तुलना केवळ ‘आराम पडला का’ या प्रश्नावर केली तर एक उत्तर मिळेल, हवेच्या प्रवाहावर केली तर दुसरे आणि पेशींच्या संख्येवर केली तर तिसरे. तिन्ही उत्तरे खरी असतील; वाचकाला फक्त कोणते उत्तर कोणत्या प्रश्नाचे आहे, हे सांगितले गेले पाहिजे.

नमुना कसा घेतला, हाही प्रश्न बातमीत कधी उपस्थित होत नाही. सर्वांत परिचित पद्धत नाक धुण्याची. रुग्ण डोके मागे झुकवतो, प्रत्येक नाकपुडीत काही मिलिलिटर सलाइन सोडले जाते, टाळू वर उचलून धरत ते सुमारे १० सेकंद आत ठेवायचे आणि मग डोके पुढे करून भांड्यात बाहेर काढायचे. पद्धत सोपी आहे, दुखत नाही आणि पुन्हा पुन्हा करता येते. अडचण आहे ती मिसळण्याची. एकाच्या नाकातून जवळजवळ सगळे पाणी परत येते, दुसऱ्याचे अर्धे घशात उतरते. एकाच्या नाकात आधीच भरपूर पातळ स्राव असतो, दुसऱ्याच्या नाकात घट्ट शेंबडाची पुटे. मग प्रतिमिलिलिटर आलेला आकडा दाहाचा किती आणि पाण्याच्या मापाचा किती, हे कसे ठरवायचे? म्हणून काही संशोधक पाण्यात सहज न शोषला जाणारा एखादा खूणद्रव्य-घटक मिसळून पातळपणाचा हिशेब करतात, तर काही जण पाणी टाळून गाळणकागदाची किंवा स्पंजची छोटी पट्टी अस्तरावर ठरावीक मिनिटे ठेवतात आणि ती आधी व नंतर वजन करून किती स्राव शोषला गेला ते काढतात. दुसऱ्या पद्धतीत स्राव फारसा पातळ न होता मिळतो, त्यामुळे अत्यल्प प्रमाणात असणारी इंटरल्यूकिन-५ सारखी, पेशींमधील संदेश वाहणारी द्रव्येही पकडता येतात. पण कोरड्या नाकात पट्टी नीट भिजतच नाही, आणि ऋतू संपल्यावर परागज्वराच्या रुग्णाचे नाक बहुधा कोरडे असते. शिवाय पट्टीचा स्पर्श स्वतःच थोडा स्राव निर्माण करतो. या दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशेजारी मांडून एक औषध दुसऱ्यापेक्षा सरस ठरवलेले मी वाचले आहे, तेव्हा फार अस्वस्थ वाटले होते.

पेशी पाहायच्या असतील तर खालच्या टर्बिनेटच्या (नाकाच्या आतील वळणदार उंचवट्याच्या) मधल्या भागावरून लहान ब्रशने किंवा प्लास्टिकच्या चमच्यासारख्या खुरपणीने अस्तराचा वरचा थर खरवडून घेतात, तो काचेवर पसरतात, वाळवून रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. निरोगी नाकात पक्ष्माभिका (केसांसारखे सूक्ष्म हलते तंतू) असलेल्या पेशी, श्लेष्मा तयार करणाऱ्या पेशी आणि थोडे न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) दिसतात. इओसिनोफिल नसतातच किंवा क्वचित एखादा. परागांच्या ऋतूत त्याच माणसाच्या काचेवर नारिंगी-तांबड्या कणांनी भरलेले इओसिनोफिल झुबक्यांनी दिसू लागतात, त्यांतले बरेचसे फुटलेले असतात आणि कण सभोवार विखुरलेले असतात. मोजायचे ते फक्त अखंड पेशींना की फुटलेल्यांनाही, हा निर्णय प्रत्येक प्रयोगशाळा आपापला घेते, आणि त्यावर निकाल बराच हलतो. जितका दाह तीव्र तितक्या पेशी अधिक फुटणार, म्हणजे केवळ अखंड पेशी मोजणाऱ्याला तीव्र दाहच सौम्य दिसण्याचा धोका असतो. म्हणूनच इओसिनोफिलांनी बाहेर टाकलेले ईसीपी हे प्रथिन स्रावात वेगळे मोजण्याची पद्धत आली. इओसिनोफिल दिसले म्हणजे परागज्वरच, असेही समजू नये. अॅलर्जीची कोणतीही चाचणी होकारार्थी नसताना नाकात इओसिनोफिल भरलेले असण्याचा एक स्वतंत्र विकार आहे. उलट, त्वचेची आणि रक्ताची चाचणी नकारार्थी असूनही केवळ नाकात आयजीई तयार होणारे रुग्णही असतात आणि त्यांचे निदान नाकातच पराग-अर्क देऊन करावे लागते. साधी विषाणूजन्य सर्दी तर सगळाच नमुना बिघडवते. त्या आठवड्यात घेतलेली काच बाजूला ठेवणे बरे.

श्वासातील नायट्रिक ऑक्साइड, म्हणजे दाहात वाढणारा एक वायू, मोजणारे यंत्र पाहून अनेकांना वाटते, की आता खरवडणे नको आणि धुणेही नको. फुप्फुसांच्या बाबतीत ही अपेक्षा बऱ्याच अंशी पूर्ण झाली आहे. तोंडाने ठरावीक वेगाने सोडलेल्या श्वासात प्रौढांमध्ये हे प्रमाण २५ भाग प्रतिअब्जपेक्षा कमी असल्यास इओसिनोफिली दाह असण्याची शक्यता कमी आणि ५० पेक्षा अधिक असल्यास ती बरीच, असा संकेत २०११ पासून प्रचलित आहे. नाकाचे गणित वेगळे आहे. नाकातील बहुतेक नायट्रिक ऑक्साइड आजूबाजूच्या सायनसांमध्ये (चेहऱ्याच्या हाडांतील पोकळ्यांमध्ये) तयार होतो आणि अरुंद छिद्रांतून नाकात येतो. परागज्वरात दाहामुळे त्याचे उत्पादन वाढते, पण त्याच दाहाच्या सुजेने छिद्रे बुजली तर तो बाहेरच येत नाही. परिणामी तीव्र त्रास असलेल्या माणसाचा आकडा वाढलेला, नेहमीसारखा किंवा घटलेलाही असू शकतो. २००२ मध्ये स्वीडनमधील वाइट्झबर्ग आणि लुंडबर्ग यांनी दाखवून दिले, की ओठ मिटून गुणगुणले तर नाकातील नायट्रिक ऑक्साइड शांत श्वासाच्या तुलनेत सुमारे १५ पट होतो, कारण ध्वनिकंपनांनी सायनसांमधील हवा खेळती होते. नुसत्या गुणगुणण्याने ज्या आकड्यात एवढा फरक पडतो, त्यावर परागज्वराच्या उपचाराचा निर्णय सोपवू नये. पक्ष्माभिकांच्या जन्मजात विकारात मात्र हा आकडा अतिशय कमी येतो आणि तेथे प्राथमिक चाचणी म्हणून तो खरोखर उपयोगी पडतो.

हवेचा प्रवाह मोजण्याच्या पद्धतींविषयी थोडक्यातच लिहिते. दाब आणि प्रवाह एकत्र मोजणारी ऱ्हायनोमॅनोमेट्री, ध्वनिलहरींनी नाकपोकळीचा छेद काढणारी पद्धत, आणि मुखवट्यातून नाकाने जोरात श्वास ओढून लिटर प्रतिमिनिट वाचायचे साधे उपकरण, या तिन्ही प्रचलित आहेत. माणसाच्या दोन्ही नाकपुड्या काही तासांच्या अंतराने आळीपाळीने कमी-अधिक मोकळ्या होत असतात, हे १८९५ मध्ये जर्मन वैद्य कायझर यांनी नोंदवले होते. तेव्हा एकाच बाजूचा आकडा सांगणारा अहवाल वाचताना सावध राहावे. दोन्ही बाजूंची बेरीजच घ्यावी लागते.

आता दुसरा प्रश्न, म्हणजे ‘कधी’. मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांना स्वतःलाच परागज्वर होता. त्यांनी चिकट लेप दिलेल्या काचा उघड्यावर ठेवून त्यांवर रोज पडणारे परागकण मोजले, पतंगांच्या साहाय्याने वरच्या हवेतलेही गोळा केले, आणि १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत परागकणांची संख्या आणि स्वतःचा त्रास यांची सांगड घातली. त्या काळी उन्हाळी उष्णता हे या विकाराचे कारण मानणारे वैद्य अनेक होते. ब्लॅकली यांच्यापाशी नाकातील रसायने मोजण्याचे कोणतेही साधन नव्हते, तरीही रुग्णाच्या नोंदीशेजारी त्या दिवसाच्या हवेची नोंद ठेवण्याचा त्यांचा दंडक आजच्या कित्येक अहवालांपेक्षा अधिक शास्त्रशुद्ध आहे, असे मी म्हणेन. पुढे १९५२ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ हर्स्ट यांनी मिनिटाला १० लिटर हवा ओढून चिकट पट्टीवर कण जमवणारा सापळा बनवला आणि ‘घनमीटर हवेतील परागकण’ हे माप रूढ झाले. अर्थात असा सापळा बहुधा इमारतीच्या छतावर असतो आणि रुग्णाचे नाक जमिनीच्या जवळ, हा फरक राहतोच.

परंतु परागकणांचा आकडा शेजारी ठेवला तरी गोष्ट संपत नाही. १९६० च्या दशकाअखेरीस अमेरिकी संशोधक कॉनेल यांनी रुग्णांना लागोपाठच्या दिवशी नाकात परागकण दिले, तेव्हा तेवढाच त्रास निर्माण करण्यासाठी लागणारी मात्रा दिवसागणिक कमी होत गेल्याचे आढळले. पहिल्या दिवसांच्या दाहाने अस्तर पुढच्या कणांना अधिक हळवे करून ठेवलेले असते. ऋतूच्या प्रारंभी जेवढ्या परागांनी एखाद्याला चार शिंका येतात, त्याहून कमी परागांनी ऋतूच्या अखेरीस त्याचे नाक पूर्ण बंद होऊ शकते. ऋतू चालू असताना मास्ट पेशीही अस्तराच्या वरच्या थरात सरकतात आणि हवेतील पराग ओसरल्यावरही दाह लगेच ओसरत नाही. म्हणजे पहिल्या आठवड्यातील एक नमुना आणि पाचव्या आठवड्यातील एक नमुना यांची थेट तुलना केल्यास औषधाचा गुण आणि ऋतूचा गुण वेगळा काढता येत नाही.

याच कारणाने ‘उपचारापूर्वी एवढा, उपचारानंतर एवढा’ अशा एकाच गटाच्या आकड्यांवर माझा विश्वास नाही. माणूस डॉक्टरांकडे जातो तो त्रास टिपेला असताना; त्यानंतर काही आठवड्यांत हवेतील पराग आपोआप घटतात आणि औषध न घेतलेल्यालाही बरे वाटू लागते. त्याच ऋतूत, त्याच प्रदेशात, दिसायला सारखाच फवारा पण औषधाविना घेणारा दुसरा गट असेल तरच तुलनेला अर्थ आहे. तेथेही एक गंमत आहे : औषध नसलेला फवारा म्हणजे बहुतांशी पाणीच, आणि पाण्याने थोडेफार पराग धुऊन निघतात, त्यामुळे त्या गटालाही काहीसा खरा आराम मिळतो. शिवाय रुग्ण मधेच हिस्टामीनरोधक गोळी घेतो आणि लक्षणांचा आकडा खाली येतो. ही चलाखी टाळण्यासाठी युरोपीय अॅलर्जी अकादमीने २०१४ मध्ये लक्षणांचे ० ते ३ आणि घेतलेल्या औषधांचे ० ते ३ असे गुण एकत्र करण्याची शिफारस केली. ज्या बातमीत फक्त लक्षणांचे गुण दिले आहेत, तिथे औषधांचे गुण कुठे गेले, हे विचारायला हवे.

हवेच्या लहरीपणातून सुटका करण्यासाठी बंद दालनात ठरावीक प्रमाणात पराग सोडून स्वयंसेवकांना काही तास बसवण्याची पद्धतही आहे. त्यातून औषधाचा परिणाम किती मिनिटांत सुरू होतो, हे उत्तम कळते. मात्र काही तासांचे दालन म्हणजे कित्येक आठवड्यांचा ऋतू नव्हे. अस्तराचे दिवसागणिक हळवे होत जाणे तेथे पूर्णपणे उतरत नाही.

मग सामान्य रुग्णाने दाह मोजून घ्यावा का? माझे स्पष्ट मत असे, की ज्याचे निदान निश्चित आहे आणि ज्याला फवाऱ्याने आराम पडतो, त्याने कोणत्याही नमुना-चाचणीच्या मागे लागू नये. खाज, शिंका, वाहणे आणि चोंदणे या चार लक्षणांना रोज ० ते ३ गुण देऊन मिळणारी १२ पैकी बेरीज, त्याच ओळीत घेतलेले औषध आणि शक्य असल्यास त्या दिवशीचे परागप्रमाण, एवढी वही डॉक्टरांना एका महागड्या आकड्यापेक्षा अधिक सांगते. ज्याचे निदान संदिग्ध आहे, ज्याला फवारा नियमित आणि योग्य रीतीने मारूनही गुण येत नाही, किंवा ज्याच्यासाठी काही वर्षे चालणाऱ्या प्रतिकारोपचाराचा (परागांच्या मात्रा देऊन शरीराला त्यांची सवय लावण्याचा) विचार सुरू आहे, त्याच्या बाबतीत पेशींचा नमुना किंवा नाकातील पराग-चाचणी निर्णय बदलू शकते. संशोधनाची गोष्ट निराळी. तेथे लक्षणे, प्रवाह आणि दाह ही तिन्ही अंगे मोजलीच पाहिजेत, नाहीतर औषध कोणत्या टप्प्यावर काम करते हे कळणार नाही.

आपल्या वृत्तपत्राकडे माझी विनंती मर्यादित आहे. नाकातील दाहाविषयीचा कोणताही आकडा छापताना नमुना धुऊन, शोषून की खरवडून घेतला, तो ऋतूच्या कोणत्या भागात घेतला, आणि औषध नसलेल्या गटात तोच आकडा किती होता, हे एका वाक्यात का होईना दिले जावे. ही माहिती मूळ शोधनिबंधात बहुतेक वेळा असते. बातमी लिहिताना ती गळते. आणि ज्या वाचकांची अशी तपासणी ठरली आहे, त्यांनी आधीच्या काही दिवसांत घेतलेल्या हिस्टामीनरोधक गोळ्या, मागील काही आठवड्यांतील स्टिरॉइडचा फवारा, नुकतीच झालेली सर्दी आणि दम्याचा त्रास यांची माहिती तपासनीसाला आधी द्यावी. गोळ्या आणि फवारे यांमुळे निकाल दबतो, सर्दीमुळे बिघडतो. आणि दमा नियंत्रणात नसेल तर नाकात पराग देण्याची चाचणी त्या वेळी करायचीच नसते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ